विंडोजवर लावलेलं कुलूप लिनक्सवर उघडतं का?

आमच्या घराची वाटणी बरीच वर्षं रखडली होती. फोंडा तालुक्यातलं जुनं घर, मागचं कुळागर (पोफळी-माडांची बाग), आणि वारस मात्र म्हापसा, पुणे, लिस्बन असे पांगलेले. गोव्यात अशा प्रकरणात वारसाबरोबर त्याच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. वेगळा करार केलेला नसेल तर इथला नागरी कायदा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतो. म्हणजे प्रत्येक घरातून दोन माणसांचं आधार, पॅन, पासपोर्ट, जन्मदाखला. वर पोर्तुगीज काळातल्या दस्तांच्या स्कॅन केलेल्या प्रती. पहिल्याच आठवड्यात फॅमिली ग्रुपवर सगळ्यांची पॅनकार्डं येऊन पडली. व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर वाटेत बंद असतो हे खरं, पण ग्रुपातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये त्याची प्रत जाऊन बसते, आणि आमच्या ग्रुपात दोन व्याहीही होते. पुण्याचा दादा वैतागला. म्हणाला, "हे असं नको. वकिलांना मेलनं पाठवू, आणि एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूप लावून पाठवू."

बोलायला सोपं. पणजीच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात विंडोज, दादाकडे मॅक, माझ्याकडे लिनक्स, लिस्बनच्या चुलतबहिणीकडे आयफोन आणि म्हापशाच्या आत्याकडे एक अँड्रॉइड फोन, बस्स. कळीचा प्रश्न आत्यानंच विचारला: "विंडोजवर लावलेलं कुलूप तुझ्या त्या लिनक्सवर उघडणार कसं रे?"

उघडतं. अगदी बिनबोभाट उघडतं, कारण हे कुलूप म्हणजे गणित आहे, आणि गणिताला विंडोज काय नि मॅक काय. अडतं ते कुलपापाशी नाही, पाकिटापाशी. हा फरक मला कळायला दोन महिने लागले.

आधी साध्या मेलचं बघू. हल्ली मेल वाटेत उघडा नसतो. आपल्या फोनपासून मेल कंपनीच्या सर्व्हरपर्यंत आणि तिथून बहुतेक वेळा पुढच्या सर्व्हरपर्यंत तो बंद नळीतून जातो. पण प्रत्येक मुक्कामावर उघडला जातो. फोंड्याहून पिशवी बंद बसमधून पणजी स्टँडवर आली, तिथं उघडली, चिठ्ठ्या वेगळ्या केल्या, पुन्हा दुसऱ्या बसमध्ये घातल्या, असा हा प्रकार. स्टँडवरच्या माणसाला चिठ्ठी वाचायची असेल तर वाचता येते. ज्याला खऱ्या अर्थानं एन्क्रिप्टेड मेल म्हणतात, त्यात चिठ्ठी पाठवणाऱ्याच्या यंत्रावरच बंद होते आणि घेणाऱ्याच्याच यंत्रावर उघडते. मधल्या सर्व्हरना दिसतात ती निरर्थक अक्षरं.

पण दोघांची आधी भेटच झालेली नसेल तर किल्ली द्यायची कशी? मेलनं किल्ली पाठवली तर ती वाटेतच कोणी उचलेल. हे कोडं १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी जगासमोर सोडवून दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर, एडलमन या तिघांनी आरएसए ही पद्धत आणली. युक्ती काय, ते समजायला देवळातल्या फंडपेटीइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मंगेशीला जा की म्हार्दोळला, फंडपेटीच्या फटीतून कोणीही पैसे टाकू शकतो. काढू मात्र शकतो तो ज्याच्याकडे किल्ली आहे तोच. टाकणाऱ्यालासुद्धा आपली नोट परत काढता येत नाही. आता समजा, एखाद्या देवस्थानानं अशा शेकडो रिकाम्या पेट्या घडवल्या आणि गावोगाव फुकट वाटल्या. ज्याला काही पाठवायचं त्यानं जवळच्या पेटीत टाकावं आणि ती पेटी देवळात पोचवावी. पेटी वाटेत कोणाच्या हाती पडली तरी बिघडत नाही. या वाटलेल्या पेटीला म्हणतात पब्लिक की, आणि महाजनांच्या कनवटीला असलेल्या किल्लीला प्रायव्हेट की. पब्लिक की वर्तमानपत्रात छापली तरी चालते. प्रायव्हेट की आपल्या यंत्राबाहेर जाता कामा नये.

'टाकणाऱ्यालाही काढता येत नाही' हे वाक्य गंमत म्हणून लिहिलं नाही. वकिलांना पाठवलेला मेल आठवड्यानं आपल्याच 'सेंट'मध्ये जाऊन उघडायला गेलात, तर नियमाप्रमाणे तो उघडायला नको. म्हणून बहुतेक मेल प्रोग्रॅम गुपचूप आणखी एक पेटी भरतात, ती पाठवणाऱ्याची स्वतःची.

म्हणजे एकच मजकूर पाच वेळा बंद करावा लागतो का? नाही. हे मोठाल्या आकड्यांचं गणित हळू चालतं, त्याला वीस पानांचा स्कॅन झेपत नाही. म्हणून प्रोग्रॅम दर मेलसाठी एक नवी, एकदाच वापरायची छोटी किल्ली तयार करतो, सगळा मजकूर त्या किल्लीनं झटपट बंद करतो (इथं बहुधा एईएस नावाची पद्धत असते), आणि ती छोटी किल्ली प्रत्येकाच्या फंडपेटीत टाकतो. मजकूर एक, पेट्या पाच. वकीलसाहेब विंडोजवर आपली पेटी उघडतात, दादा मॅकवर आपली. प्रत्येकाच्या हाती लागते ती किल्ली एकच.

सहीचं काम उलट दिशेनं चालतं आणि तिथं फंडपेटीचा दाखला तुटतो. सही करताना माझा प्रोग्रॅम मजकुराचा एक छोटा ठसा काढतो आणि माझ्या प्रायव्हेट कीनं त्यावर शिक्का मारतो. शिक्का खरा की खोटा हे माझी पब्लिक की असलेला कोणीही ताडून बघू शकतो. मजकुरात एक काना बदलला तरी ठसा जुळत नाही. हा काना पुढं आपल्याला बराच त्रास देणार आहे.

दोन घराणी

गणित सगळीकडे एकच असलं तरी ते कागदावर मांडायच्या रीती दोन आहेत, आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. वेगवेगळ्या यंत्रांमधल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथं आहे.

पहिलं घराणं पीजीपीचं. फिल झिमरमन या अमेरिकन माणसानं १९९१ मध्ये पीजीपी हा मजकूर बंद करणारा प्रोग्रॅम लिहून फुकट वाटला. तेव्हा अमेरिकेच्या निर्यात कायद्यात पक्कं एन्क्रिप्शन शस्त्रास्त्रांच्या यादीत होतं. प्रोग्रॅम इंटरनेटवरून देशाबाहेर गेला म्हणून १९९३ मध्ये त्याच्यामागं चौकशी लागली, ती १९९६ च्या जानेवारीत खटला न भरता बंद झाली. दरम्यान एमआयटी प्रेसनं प्रोग्रॅमचा सगळा कोड चक्क पुस्तक म्हणून छापला. शस्त्र बाहेर न्यायला बंदी, पुस्तक न्यायला नाही! पुढच्या एका आवृत्तीची छापील पानं तर परदेशात स्कॅन करून प्रोग्रॅम पुन्हा उभा केला गेला.

त्यातून ओपनपीजीपी हा खुला करारनामा तयार झाला. पहिला मसुदा १९९८ चा, सर्वांत जास्त चाललेला २००७ चा, नवा २०२४ चा. करारनामा म्हणजे काय, तर कुठला बाइट कुठं येईल ते लिहून ठेवलेलं. आपल्या गोव्यातल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासारखं. तो कुठल्याही तलाठ्यानं लिहिला तरी रकाने तेच, म्हणून पेडण्याचा उतारा काणकोणात वाचता येतो. जर्मनीच्या व्हेर्नर कोख यांनी याच रकान्यांवर जीएनयूपीजी बांधलं, त्याची पहिली पक्की आवृत्ती १९९९ ची. ते विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर सगळीकडे चालतं आणि फुकट आहे. जगभर वापरला जाणारा हा प्रोग्रॅम कितीतरी वर्षं कोख जवळपास एकट्यानं सांभाळत होते आणि पैशांची ओढाताण होती. २०१५ मध्ये त्याची बातमी झाली तेव्हा कुठं देणग्यांचा ओघ सुरू झाला.

दुसरं घराणं एस-माइमचं. इथं तुमची किल्ली तुमचीच आहे हे एक मान्यताप्राप्त संस्था प्रमाणपत्र देऊन सांगते. आउटलुक, मॅकवरचं मेल, आयफोनवरचं मेल या सगळ्यांत हे आधीपासून बसवलेलं आहे, म्हणून कंपन्यांना हेच आवडतं. वापरायलाही सुटसुटीत: मी तुम्हाला सही केलेला मेल पाठवला की माझं प्रमाणपत्र त्यासोबतच येतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही मला बंद मेल पाठवू शकता.

वकीलसाहेब म्हणाले, "माझ्याकडे डिजिटल सही आहे की! ई-टेंडरचे कागद मी तिनंच पाठवतो." यूएसबी टोकनमधलं ते प्रमाणपत्र आपल्याकडे बऱ्याच वकिलांकडे, सीएंकडे असतं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं त्या सहीला मान्यता दिली आहे. पण भारतात सहीचं प्रमाणपत्र वेगळं आणि एन्क्रिप्शनचं वेगळं. नुसतं सहीचं घेतलं असेल तर त्यानं शिक्का मारता येतो, पेटी मिळत नाही. शिवाय प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा की नाही हे प्रत्येक यंत्र आपल्या यादीतून ठरवतं, आणि या याद्या सारख्या नाहीत. २०१४ मध्ये भारताच्या प्रमाणन नियंत्रकांचं मूळ प्रमाणपत्र विंडोजच्या यादीत होतं, फायरफॉक्सच्या यादीत नव्हतं. म्हणजे तीच सही एका टेबलावर खरी आणि शेजारच्या टेबलावर 'अनोळखी'.

एस-माइमची किल्ली एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यायची तर विंडोज तिला पीएफएक्स म्हणतं आणि बाकीचे पी-बारा. वस्तू एकच, फाइलच्या नावाचं शेपूट बदला की झालं. एक खोड मात्र भल्याभल्यांना रडवते. लिनक्सवर २०२१ नंतरच्या ओपनएसएसएल या प्रोग्रॅमनं बांधलेली पी-बारा फाइल मॅकच्या कीचेनमध्ये (किल्ल्यांच्या कपाटात) घालायला गेलं की 'पासवर्ड चुकीचा' असं उत्तर येऊ शकतं. पासवर्ड बरोबरच असतो. फाइल नव्या, पक्क्या पद्धतीनं बंद केलेली असते, ती समोरच्याला कळत नाही आणि खापर मात्र पासवर्डवर फुटतं. फाइल बांधताना 'लेगसी' हा पर्याय दिला की ती उघडते.

आम्ही शेवटी पहिलं घराणं धरलं, मुख्य कारण म्हणजे कोणाला काही विकत घ्यावं लागत नव्हतं.

कोणाच्या यंत्रावर काय

मला विचाराल तर विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर थंडरबर्ड हा मेल प्रोग्रॅम बसवा आणि मोकळे व्हा. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ओपनपीजीपी त्याच्या पोटातच आहे, वेगळं काही जोडावं लागत नाही, आणि फोनवर समजावून सांगताना बटणं तिघांकडे एकाच जागी असतात. दादाला आणि मला हेच पुरलं. एक सूचना: थंडरबर्ड आपल्या किल्ल्या आपल्याच कपाटात ठेवतं. जीएनयूपीजीत घेतलेली किल्ली तिथं आपोआप दिसत नाही, पुन्हा आयात करावी लागते. मी अर्धा दिवस 'किल्ली गेली कुठं' म्हणून शोधत होतो.

विंडोजवाल्यांसाठी जीपीजी-फॉर-विन नावाचा संच आहे. त्यात क्लिओपात्रा ही किल्ल्या सांभाळणारी खिडकी येते. आउटलुकला जोडायचा तुकडाही त्यात आहे, पण तो जुन्या आउटलुकचा. नव्या आउटलुकमध्ये तशा जोडणीची सोयच ठेवलेली नाही. मॅकवर जीपीजी सूट. लिनक्सच्या बऱ्याच वितरणांत जीएनयूपीजी आधीपासून असतंच, कारण सॉफ्टवेअरच्या पॅकेजवरची सही तपासायलाही तेच लागतं.

आयफोनच्या मेलला एस-माइम येतं, पीजीपी येत नाही. म्हणून लिस्बनच्या बहिणीनं प्रोटॉन मेलवर खातं काढलं. ते आतून ओपनपीजीपीच वापरतं, आणि संपर्कात आमच्या पब्लिक की साठवल्या की तिचा मेल आम्हाला बंद होऊनच येतो. आत्याच्या अँड्रॉइडवर थंडरबर्ड आणि किल्ल्यांसाठी ओपनकीचेन. ज्यांना ब्राउझरमधलंच जीमेल सोडवत नाही त्यांच्यासाठी मेलव्हेलोप हे जोडपान (ब्राउझरचं एक्स्टेन्शन) आहे. कॉम्प्युटरवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स असला की ते चालतं, खाली यंत्रणा कुठलीही असो.

पाकिटाची भानगड

आता जिथं खरोखर डोकं जातं ते.

मेलची रचना झाली ती साध्या इंग्रजी अक्षरांसाठी. बंद केलेला मजकूर म्हणजे वाटेल तसे बाइट, ते त्या वाटेनं धड जात नाहीत. म्हणून दर तीन बाइटांची चार साधी अक्षरं करून पाठवतात. त्यामुळं फाइल सुमारे एक तृतीयांशानं फुगते. जीमेलची मर्यादा २५ एमबी, म्हणजे मूळ फाइल १८ एमबीच्या आसपास असली की काठ आला. दस्ताचे स्कॅन रंगीत आणि ६०० डीपीआयवर काढून पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

बंद मजकूर पाकिटात घालायच्या दोन चाली आहेत. जुनी चाल म्हणजे मेलच्या अंगातच तो अक्षरांचा ढीग ओतायचा आणि जोडलेल्या फाइली एकेक करून वेगळ्या बंद करायच्या. नवी चाल पीजीपी-माइमची: मजकूर, जोडण्या, सगळं एका गाठोड्यात बांधून एकदाच बंद करायचं. नवी चाल चांगली. पण ज्या प्रोग्रॅमला ती कळत नाही त्याच्याकडे मेल रिकामा दिसतो आणि खाली दोन विचित्र फाइली लटकतात. एकात 'व्हर्जन १' एवढंच, दुसरीचं नाव 'एन्क्रिप्टेड डॉट एएससी'. वकिलांच्या ऑफिसातल्या मुलीनं मला तीनदा कळवलं की "सर, मेल ब्लँक आला." ब्लँक नव्हता. ती दुसरी फाइल उतरवून क्लिओपात्रात उघडायची, आणि आतून निघालेल्या गाठोड्याला 'डॉट ईएमएल' असं शेपूट लावून मेल प्रोग्रॅममध्ये उघडायचं, की सगळं समोर येतं. काही ऑफिसांचे मेल सर्व्हर तर मधेच गाठोड्याची रचना बदलून ठेवतात, मग प्रोग्रॅमला ते एन्क्रिप्टेड असल्याचंच ओळखू येत नाही. उलट बाजूनं, आउटलुकहून निघालेल्या मेलला कधीकधी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल चिकटून येते. ते आउटलुकचं खासगी पाकीट, बाकीच्यांना न उघडणारं. एन्क्रिप्शनशी त्याचा संबंध नाही, पण संशय त्याच्यावरच जातो.

जुन्या चालीत मराठीचे हाल होतात. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. मजकूर कुठल्या पद्धतीत लिहिलाय ही माहिती ढिगाबाहेर राहते, आणि उघडणाऱ्यानं चुकीचा अंदाज केला की 'कुळागर'च्या जागी à¤ असल्या अळ्या दिसतात. आमच्याकडे तर याहून मजा झाली. दादानं पाठवलेली वंशावळीची फाइल मी उघडली, आत नुसता कचरा. दोघं तासभर किल्ल्या तपासत बसलो. मग लक्षात आलं, फाइल बरोबर उघडली होती. वंशावळ मुळात पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप करून घेतलेली, तो फॉन्ट माझ्याकडे नव्हता, इतकंच.

सहीच्या बाबतीत काना आठवा. विंडोज ओळ संपली की दोन खुणा ठेवतं, लिनक्स आणि आजचं मॅक एकच. ही टाइपरायटरची देणगी. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टायपिस्टना विचारा: गाडी उजवीकडे ढकलणं एक क्रिया आणि कागद वर सरकवणं दुसरी. विंडोजनं दोन्ही जपल्या, बाकीच्यांनी एक. ठशासाठी या दोन्ही गोष्टी भिन्न, म्हणून ओपनपीजीपीत मजकुरावर सही करताना ओळींचे शेवट आधी एकाच प्रकारचे करून घेतात. तरीही कोणी ओळी नव्यानं मोडल्या, ऑफिसच्या सर्व्हरनं खाली 'हा मेल गोपनीय आहे' छापाचं शेपूट जोडलं, की सही तुटते आणि लाल पट्टी दिसते. दरवेळी तो हल्ला असतोच असं नाही.

आपल्या 'दुसऱ्या'मधला ऱ घ्या. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध ऱ, किंवा र आणि खाली नुक्ता. दिसायला हुबेहूब, बाइट मात्र वेगळे. मजकुराची नकल-डकव करताना एखाद्या प्रोग्रॅमनं एकाचं दुसरं केलं तर डोळ्यांना काही कळत नाही, सही मात्र बाद. याच कारणानं किल्लीचा पासवर्ड मराठीत ठेवू नये असं माझं मत आहे. विंडोजच्या कीबोर्डनं टाइप केलेला ऱ फोनच्या कीबोर्डला तसाच येईल याची हमी कोण देणार?

आणखी एक काटा गेल्या काही वर्षांतला. २०२३ पासून ओपनपीजीपीच्या घराण्यातच वाटणी झाली आहे (आमच्यापेक्षा लवकर उरकली म्हणायची). नवा करारनामा कसा असावा यावर मतभेद होऊन जीएनयूपीजीनं लिब्रेपीजीपी नावाची वेगळी वाट धरली, बाकीचे बरेचजण २०२४ च्या करारनाम्याकडे गेले. रोजच्या वापरात याचा चटका असा बसतो: जीएनयूपीजी २.३ किंवा त्यापुढच्या आवृत्तीत किल्ली केली की तीवर 'मला बंद करायची नवी पद्धत कळते' अशी खूण असते. तीच किल्ली फोनवर नेली आणि फोनमधल्या प्रोग्रॅमला ती पद्धत कळत नसेल, तर लिनक्सवर उघडणारा मेल फोनवर उघडत नाही. किल्लीवरची खूण काढून टाकता येते. किंवा किल्ली थंडरबर्डमध्येच बनवायची.

या सगळ्याला कंटाळून वकीलसाहेबांशी आम्ही वेगळीच तडजोड केली, आणि ती मला आजही सर्वांत शहाणपणाची वाटते. सगळे कागद एका झिपमध्ये घालायचे, ती एक फाइल क्लिओपात्रात वकिलांच्या पब्लिक कीनं बंद करायची, आणि साध्या मेलला साधी जोडणी म्हणून लावायची. मेलमध्ये फक्त 'नमस्कार, सोबत फाइल.' पाकिटाची भांडणं संपली, कारण पाकीट बंदच केलं नव्हतं. फाइलला 'आत्याचे पॅनकार्ड' असलं नाव मात्र देऊ नका, नाव बाहेरून दिसतं.

बाहेरून दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. कोणी, कोणाला, कधी, केवढा मेल पाठवला हे सगळं. विषयाची ओळसुद्धा पुष्कळदा उघडीच जाते. थंडरबर्ड ती आत दडवतं, पण समोरच्याचा प्रोग्रॅम जुना असेल तर त्याला विषयाच्या जागी तीन टिंबं दिसतात. मेल साध्या मजकुरात ठेवा, चित्रं बाहेरून ओढू देऊ नका. २०१८ मध्ये ईफेल नावाची खोट उघड झाली, तिच्यात मेलमधल्या चित्राच्या पत्त्याआडून उलगडलेला मजकूर बाहेर पळवता येत होता. आणि कायद्याचं म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९ व्या कलमाखाली सरकार उलगडून द्यायचा आदेश काढू शकतं. नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माटोळीखाली ठशांची तपासणी

फंडपेटीच्या दाखल्यात एक भोक आहे. उद्या कोणी भामट्यानं आपलीच पेटी रंगवून तिच्यावर देवस्थानाचं नाव घातलं तर? लोक श्रद्धेनं टाकत राहतील आणि तो काढत राहील. पब्लिक कीचंही तेच. नाव आणि मेलचा पत्ता किल्लीवर कोणीही घालू शकतो. म्हणून प्रत्येक किल्लीला ठसा असतो, आज सर्रास चालणाऱ्या किल्ल्यांमध्ये ४० अक्षरांचा, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. हा ठसा मेलनं नाही, दुसऱ्या वाटेनं ताडायचा. शेवटची आठ अक्षरं जुळली म्हणून सोडून देऊ नये, तेवढी जुळणारी खोटी किल्ली बनवता येते हे दाखवून झालेलं आहे.

आमचं हे काम चवथीला, गणपतीत झालं. वर्षातून एकदाच सगळे मूळ घरी जमतात. आरती आटोपल्यावर माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताखाली बसून प्रत्येकानं आपला ठसा वाचला, बाकीच्यांनी आपापल्या पडद्यावर टिचकी मारली. लिस्बनची बहीण व्हिडिओवर होती. तिचा बी आणि डी सारखाच ऐकू येई, तेव्हा आत्यानं तोडगा काढला: "बी बटाट्याचा की डी डब्याचा, ते सांग." कोणाला हे अवघड वाटत असेल तर एक दिलासा देतो. १९९९ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी १२ जणांना पीजीपी देऊन ९० मिनिटांत बंद मेल पाठवायला सांगितला होता. नीट जमलं ते एक तृतीयांश लोकांना. आमची आत्या ७१ वर्षांची, तिला तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

माझं मात्र नंतर बिनसलं. लॅपटॉपची डिस्क बदलली, सगळी कागदपत्रं जपून नव्या डिस्कवर आणली, आणि जुनी पुसून टाकली. लिनक्सवर जीएनयूपीजीच्या किल्ल्या ज्या फोल्डरात असतात त्याचं नाव टिंबानं सुरू होतं, आणि टिंबानं सुरू होणारे फोल्डर नेहमीच्या खिडकीत दिसतच नाहीत. प्रायव्हेट की गेली. किल्ली रद्द झाल्याचं जाहीर करायला जो दाखला लागतो तो प्रोग्रॅम आपोआप करून ठेवतो, पण तोही त्याच फोल्डरात होता. आलेले सगळे मेल कायमचे बंद. पाठवणाऱ्यांकडे त्यांच्या पेटीतली प्रत होती म्हणून कागद पुन्हा मिळाले, नाहीतर वाटणी आणखी एक वर्ष लांबली असती. आता नव्या किल्लीची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक कागदावर छापून दस्तांच्या पिशवीत, गोदरेजच्या कपाटात आहे.

जुन्या किल्लीची मुदत मी सुदैवानं दोनच वर्षांची घातली होती. नवी किल्ली सगळ्यांना पाठवली, पण आत्याचा फोन जुन्याच पेटीत मेल टाकत राहिला आणि ते मला उघडेनात. मुदत संपली त्या दिवशी तिचा फोन आला. "तुझी पेटी बंद झाली म्हणतोय रे मोबाइल. नवी पाठवली होतीस ती कुठं गेली?"